न उघडलेले खुबे

डाकारच्या दक्षिणेला, खाडीतल्या आमच्या न्दांगाल बेटावर तेनिंगचं नाव निघालं की बायका आधी गप्प होतात आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागतात. मी दिबोर, तिची शेजारीण. पोरवयापासून तिच्याबरोबर चिखलात उतरलेली. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा, बाकीच्यांनी जरा तोंड आवरावं.

खुबे वेचण्यात तिच्या तोडीची बाई नव्हती. ओहोटी लागली की कांदळवनाच्या कडेकडेने आम्ही निघायचो. आम्ही हाताने चिखल चिवडत बसायचो आणि ही बया नुसत्या पायाच्या अंगठ्याने चाचपायची. "हा मेला इथं दडून बसलाय," म्हणायची, वाकायची, आणि खुबा टोपलीत. आमच्या टोपल्या अर्ध्या होईस्तोवर हिची भरून वाहायची. वर टोमणे आम्हालाच. "दिबोर, खुबे वेचायला आलीस की पाय धुवायला?" मी म्हणायची, "तुझ्यासारखे बदकाचे पाय देवाने मला दिले नाहीत बाई." मग ती हसायची. तेव्हा हसायची ती, पोट धरधरून हसायची.

वेचलेले खुबे पिंपात उकडायचे, मांस काढून वाळत घालायचं आणि रिकामे शिंपले टेकडीवर नेऊन ओतायचे. आमच्या आया हेच करायच्या, त्यांच्या आयाही हेच. टेकडी झाली ती त्यातूनच. आता तिच्यावर गोरखचिंचा उभ्या आहेत, एकेक एवढी जाड की चार माणसांच्या कवेत मावू नये. बेटावर माती म्हणून नाहीच. चिखल, नाहीतर शिंपले. म्हणून आमची मेलेली माणसंही आम्ही शिंपल्यांतच पुरतो, टेकडीच्या पूर्वेच्या अंगाला.

ज्याला समुद्राने ठेवून घेतलं, त्याचंही आम्ही करतो. त्याच्या अंगाला लागलेली एखादी वस्तू घ्यायची, टेकडीत खड्डा करून ठेवायची, आणि तिच्यावर त्याच दिवशी वेचलेले खुबे घालायचे. उकडायचे नाहीत, उघडायचे नाहीत, मिटलेले, जिवंत तसेच घालायचे. तो त्याचा वाटा. तो कुणी खायचा नाही. हे काम बायकांचं. पुरुष तेव्हा लांब उभे राहतात आणि पुढे विसरून जातात. इमामसाहेबांना हे पटत नाही, पण त्यांच्या आईनेही त्यांच्या भावासाठी केलं होतं, म्हणून ते त्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे बघतात.

तेनिंगला एकच मुलगा, वागान. देखणा, जरासा आळशी, आईचा फार लाडका. त्याच्यासाठी तिने शेजारच्या बेटावरून सिगा करून आणली. सिगा तेव्हा कोवळी पोर होती. गळ्यात आवाज असा की बायका उकडायचं काम सोडून ऐकत बसायच्या. लग्नाला पुरते दोन हंगाम झाले नव्हते आणि वागानने ठरवलं, स्पेनच्या बेटांकडे जायचं. मासे राहिलेत कुठं? मोठ्या जहाजांनी समुद्र खरवडून नेला. पोरं पिंपभर पाणी आणि बिस्किटं घेऊन होडीत बसतात आणि निघतात. आया किनाऱ्यावर उभ्या राहून खोटं खोटं हसतात. तेनिंगही हसली. त्याच्या कमरेला तिने चामड्याचा ताईत बांधला आणि म्हणाली, "पोचलास की पहिला फोन बायकोला कर, नाहीतर ही मला जेवू द्यायची नाही."

फोन आला नाही. पाऊस येऊन गेला तरी नाही.

आता पुढचं जे सांगते ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. पलीकडच्या बंदरावर तेनिंग वाळवलेले खुबे विकायला गेली असताना तिला बिराम भेटला, वागानच्याच होडीतला. होडी भरकटून परत किनाऱ्याला लागली होती. त्याने तो ताईत तिच्या हातावर ठेवला. पाणी संपलं, वागान तापाने गेला, आम्हीच त्याला समुद्रात सोडला, असं म्हणाला आणि रडायला लागला. तेनिंगनेच त्याला गप्प केलं. "कुणाला सांगू नकोस. घरी मी सांगते," म्हणाली. बिराम लगेच कामासाठी मॉरिटानियाकडे निघून गेला, होडीतली बाकीची पोरं परगावची, त्यामुळे दुसरं तोंडच उरलं नाही.

ती घरी यायला निघाली ती सांगायचं ठरवूनच. पण बिराम बंदरावर दिसल्याची बातमी आधीच्या होडीने येऊन पोचली होती, आणि हिची होडी धक्क्याला लागते न लागते तोच सिगा गुडघाभर पाण्यात धावत आली. "आई, बिराम भेटला म्हणे? काय म्हणाला?" तेनिंगने त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तो दुसऱ्या होडीत बसला म्हणे. पोचला असेल."

बस्. एवढंच वाक्य. ते काही तिला परत गिळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती एकटीच गेली. टेकडीच्या पश्चिमेला, जिथं कुणाचीच कबर नाही, तिथं मोठ्या गोरखचिंचेखाली तिने कमरेइतका खड्डा खणला. ताईत ठेवला, वर न उघडलेले खुबे ओतले, शिंपले लोटून खड्डा बुजवला. एकटीने. अगं, आपल्या पोराला एकटीने पुरायचं आणि घरी येऊन बाजरीच्या कण्या शिजवायच्या! आणि त्याच आठवड्यात मोठा सण आला. सिगा नवीन कपडे घालीना, तेव्हा तेनिंगने स्वतः बसून तिच्या हातापायांना मेंदी लावली. "नवरा जिता असलेल्या बाईने असं भुंड्या हातांनी राहू नये," म्हणाली. हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि मला वाटलं होतं, काय सासू आहे! नशीब काढलं पोरीने.

वर्षं गेली. सिगाची गाणी हळूहळू बंद झाली. होड्या बांधणारा एक सुतार होता, चांगला, निर्व्यसनी, बायको वारलेला. त्याने दोनदा निरोप धाडला. तेनिंगने त्याला अंगणातूनच परत लावलं, "तिला नवरा आहे." तो बिचारा दुसरीकडे संसाराला लागला. सिगा रोज संध्याकाळी वागानचे सदरे उन्हातून काढून घड्या घालायची. पोरबाळ नाही, मागं-पुढं काही नाही. बायका मागून बोलायच्या, "हिचं वय चाललं." पुढून कुणी बोलत नव्हतं.

अशात रस्त्याचा ठेकेदार आला. पलीकडे नवीन रस्ता होत होता आणि भरावाला त्याला आमची टेकडी हवी होती. म्हणाला, कचराच आहे ना तुमचा, उचलून नेतो. गावात दोन तट पडले. सरकारी माणसांनी सांगितलं, टेकडी खरंच जुनी असेल, थर जागच्या जागी असतील, तर तिला हात लावू देणार नाही. उकरलेली, मिसळलेली असेल तर मग तो कचराच. हे तपासायला डाकारहून सांबू नावाचा खोदकामाचा जाणकार पोरगा आला.

सांबू जोला जमातीचा. आणि आम्ही सेरेर. सेरेर आणि जोला भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, ही पूर्वजांपासून चालत आलेली थट्टा. राग धरायचा नाही, कितीही लागलं तरी. धक्क्यावर उतरताच मी त्याला म्हटलं, "आला का आमचा गुलाम! टोपली घे माझी." त्याने खरंच टोपली उचलली आणि म्हणाला, "मावशी, गुलाम तुम्ही. आमच्या आजोबांनी तुम्हाला पोटभर भात घालून मोकळं सोडलं, ते विसरलात." मला पोरगा आवडला.

संध्याकाळी चहा उकळताना तो आम्हाला सांगायचा. खुबा वाढतो तशा त्याच्या पाठीवर रेघा पडत जातात. पाऊस चांगला झाला, नदीचं गोडं पाणी खाली आलं, की शिंपल्याची घडण एक. दुष्काळात पाणी खारं झालं की दुसरी. म्हणजे आपल्या खापरपणज्यांच्या काळी पाऊस कसा होता, समुद्र कुठवर होता, ते सगळं या टेकडीत ठेवलेलं आहे. "पण आधी शिंपल्याचं वय कळलं पाहिजे," तो म्हणाला. "जिवंत असताना तो पाण्यातून एक प्रकारचा कार्बन घेतो. मेला की तो कार्बन हळूहळू झिजत जातो. किती उरला ते मोजायचं, की मरून किती काळ झाला ते समजतं."

"म्हणजे मेल्याशिवाय वय सांगायचा नाही. बायकांसारखाच आहे की!" मी म्हटलं.

"त्यातही फसवतो, मावशी. खोल समुद्रातलं जुनं पाणी वर येतं आणि खुबा तेच पितो. म्हणून आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. तेवढी वर्षं आम्हाला वजा करावी लागतात."

सिगा तेव्हा चहाचे पेले विसळत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिचीही काही वर्षं कुणीतरी वजा करायला हवी होती.

मुखियाने सांबूला खणायला पश्चिमेची बाजू दिली, मोठ्या गोरखचिंचेजवळ. "तिथं कुणाची कबर नाही, मी हमी देतो," म्हणाला. आणि बाईने टेकडी खणायची ती फक्त मेलेल्यासाठी, म्हणून मजूर सगळे पुरुष. तेनिंग भर सभेत उठून म्हणाली, "तिथं नको."

"का नको?"

"नको म्हणजे नको."

"अगं पण कारण सांग की. साप आहे? भूत आहे?" लोक हसले. तेनिंग बसली. मलाही वाटलं, म्हातारपणी चक्रम व्हायला लागली.

त्या खड्ड्यात एक जरी बाई असती तरी मिटलेले खुबे बघून तिने फावडं टाकलं असतं. पुरुषांना काय, त्यांना खुबा फक्त ताटात ओळखता येतो. सांबूला तर ते बघून आनंदच झाला. शिंपल्याच्या दोन्ही पाळ्या, दोन्ही अर्धी झाकणं, जुळलेली, अखंड. असा नमुना कुठं मिळतो? एक पाळ त्याने तपासायला परदेशी पाठवली, दुसरी स्वतःकडे ठेवली. ताईत मात्र खणलेल्या भिंतीच्या आतच राहिला, कुणाच्या हाती लागला नाही.

पुढचा हंगाम लागता लागता तो निकाल घेऊन आला. सभेच्या झाडाखाली सगळा गाव जमला, ठेकेदाराचा माणूसही. सिगा चहाचं तबक फिरवत होती. सांबू म्हणाला, खालचे शिंपले हजार वर्षांच्या आसपासचे, वरचे त्याहून अलीकडचे, थर ओळीने लागलेले. मोठा दुष्काळ कधी पडला तेही त्यातून दिसतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने मान खाली घातली. "पण मधला एक शिंपला नवा निघाला. जगात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तेव्हापासून हवेत आणि पाण्यात त्याची खूण उतरली. ती खूण याच्यात आहे. म्हणजे हा आपल्या काळातला. एवढ्या खोल तो कसा गेला, मला कळत नाही."

ठेकेदाराचा माणूस उठलाच. "बघा! उकरलेला उकिरडा आहे. मी काय सांगत होतो?"

"कुणी खणलं होतं का तिथं?" मुखियाने विचारलं.

तेवढ्यात सांबूने खिशातून ती उरलेली पाळ काढली. "हा बघा. विशेष म्हणजे मिटलेला होता. असे बरेच होते, एका जागी, कुणी न खाल्लेले."

काय सांगू, सगळ्या बायका एकदम पुढं सरकल्या. पुरुष आमच्या तोंडाकडे बघायला लागले, त्यांना काहीच कळेना. आम्ही मात्र मनातल्या मनात घरं मोजत होतो. समुद्राने नेलेलं माणूस अर्ध्या गावात आहे, पण प्रत्येकीने आपलं माणूस पूर्वेला, चारचौघींत पुरलंय. एकाच घराने पुरलं नव्हतं. एकेक मान तेनिंगकडे वळली. आणि मी सिगाकडे बघितलं. तिने तबक खाली ठेवलं होतं.

तेनिंगला अजूनही गप्प बसता आलं असतं. खेकड्याने नेला म्हणता आलं असतं; पुरुषांनी मानलंही असतं. मग टेकडी ट्रकमध्ये भरून गेली असती, आणि तिच्याबरोबर तो ताईत कुठल्याशा रस्त्याखाली, चाकांखाली. ती उठली, सांबूच्या हातातून ती पाळ घेतली आणि म्हणाली, "माझा आहे. वागानसाठी मी घातला. तिथं एवढाच खड्डा आहे, बाकी टेकडीला कुणी हात लावलेला नाही."

सिगा पुढं आली. आवाज अगदी साधा. "कधी?"

"बिराम भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे सणाच्या आधी."

तेनिंगने मान हलवली.

"तुम्ही मला मेंदी लावलीत, त्याच्या आधी."

"हो गं पोरी."

"त्याच हातांनी?"

सिगाने स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, जशी काही अजून मेंदी असेल, आणि घराकडे चालू लागली. तिच्या मागं जायची माझी हिंमत झाली नाही.

सांबूने खड्ड्याची भिंत पुन्हा तासून बघितली. तेनिंगच्या खड्ड्याची कड स्वच्छ दिसली, आत भराव, बाहेर जुने थर जसेच्या तसे. सरकारी माणसांनी ते मानलं. टेकडी वाचली. ठेकेदार शिव्या देत गेला.

वागानचं मग रीतीने केलं. सिगाला पांढरे कपडे नेसवले. अशा वेळी जोला माणूस हजर असला तर त्याने थट्टा करायची, मेलेल्याच्या घरच्यांना हसवायचं, ते त्याचं कर्तव्यच. सांबू उभा राहिला. "या सेरेर लोकांना कशाचीच घाई नाही," म्हणाला, "स्वतःच्या मयताला सुद्धा इतक्या वर्षांनी येतात." लोक हसले. तेनिंगही हसली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि हसता हसताच तिने जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. सिगा हसली नाही आणि रडलीही नाही.

मी तेनिंगला एकदा सरळ विचारलं, "का गं केलंस असं? पोरीचं आयुष्य घालवलंस." ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तो मेला असता, दिबोर. आणि ही गेली असती. त्याचे सदरे घड्या घालणारं घरात कुणीतरी होतं, तोवर तो परत येणार होता." मला तिचा राग आला होता. पण मी तिथून उठले नाही.

टेकडीला कुंपण घातलं, पाटी लावली. आता तिथं कुणी खणायचं नाही, शिंपले ओतायचे नाहीत, आत जायचं नाही. गोरखचिंच कुंपणाच्या आत आहे. तेनिंग तारेला हात धरून बाहेर उभी राहायची. राखणदार म्हणायचा, "आजी, आत नाही हं जायचं." ती म्हणायची, "ठाऊक आहे रे. माझ्यामुळेच घातलंय ते."

विधवेने पाळायची इद्दत, ते सुतकाचे चार महिने, संपली तसा सिगाचा भाऊ होडी घेऊन आला. तिचं सामान एक गाठोडंभर. वागानचे सदरे तिने खाटेवर घड्या घालून ठेवले होते. दारात ती थांबली. इतक्या दिवसांत ती तेनिंगशी कामापुरतंच बोलली होती.

"ती शिंपल्याची पाळ तुमच्याकडे आहे ना?"

तेनिंगने उशीखाली हात घातला. रोज रात्री ती तिथंच ठेवायची, मला माहीत होतं.

"मला द्या," सिगा म्हणाली. "तो मेलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही त्याला पुरलंत, त्याच्यासाठी रडलात. इतकी वर्षं तो तुमच्याकडे होता. माझ्याकडे नुसते सदरे होते."

मला वाटलं तेनिंग नाही म्हणेल. तिने ती पाळ पदराने पुसली आणि सिगाच्या हातावर ठेवली. सिगाने मूठ मिटली. पाया पडली नाही, मिठीही मारली नाही. धक्क्यापर्यंत आम्ही दोघी मागून गेलो. होडी सुटली तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून बसली होती, भावाशी काहीतरी बोलत.

ओहोटी लागली होती. बायका टोपल्या घेऊन चिखलाकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, "चल, येतेस का? बदकाचे पाय गंजतील."

तेनिंग धक्क्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू जा. वेचून आणून मी आता कुणाला घालू?"